लॅपटॉप मुलाचा की कपाटाचा?

आपला प्रश्न मला समजला तो असा. गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलच्या पालक-शिक्षक संघाचे आपण अध्यक्ष आहात. पाचवी ते दहावी मिळून ७२ मुले आहेत, सर्वांत मोठा वर्ग नववीचा, १६ मुलांचा. एक कंपनी आपल्या सामाजिक दायित्व निधीतून प्रत्येक मुलाला लॅपटॉप द्यायला तयार आहे आणि जुलैमध्ये वाटपाचा कार्यक्रम व्हावा अशी तिची इच्छा आहे. काही शिक्षकांना हे पसंत नाही. कोणता लॅपटॉप घ्यावा, तो मुलांना घरी नेऊ द्यावा का आणि मुळात हा खर्च योग्य आहे का, असे आपण विचारले आहे.

डिचोली, सत्तरी आणि धारबांदोडा या तीन तालुक्यांतील शाळांत मी चोवीस वर्षे संगणक शिकवला आणि तेवढीच वर्षे संगणक दुरुस्तही केले, कारण ग्रामीण शाळेत ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. या अनुभवावरून सांगतो की कोणता लॅपटॉप घ्यावा हा यातला सर्वांत सोपा प्रश्न आहे, म्हणून तो मी शेवटाकडे घेईन. खरा प्रश्न वेगळा आहे: यंत्र मोडले तर दोष कोणाचा, हे आपण आज ठरवून ठेवणार आहात का? ते ठरले नाही, तर आपले लॅपटॉप मुलांच्या हातून मोडणार नाहीत, ते कपाटात मरतील. मी पाहिलेल्या शाळांत हाताळून बिघडलेल्या यंत्रांपेक्षा कुलपात राहून बिघडलेली यंत्रे कितीतरी जास्त होती.

याचे पहिले उदाहरण माझेच आहे. एका शाळेला वीस लॅपटॉप मिळाले तेव्हा मी नव्या उत्साहात होतो आणि डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, सही माझी होती. प्रत्येक यंत्रापुढे क्रमांक, किंमत आणि माझी सही. त्या सहीने मला इतके घाबरवले की पहिल्या वर्षी मी आठवड्यातून एकदाच कपाट उघडत असे, आणि पावसाळा सुरू झाल्यावर, वीज जाते, छत गळते, मुलांचे हात ओले असतात, अशी कारणे काढून ते जवळजवळ बंदच ठेवले. चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, सुट्टी संपवून कपाट उघडले तेव्हा आतून ओलसर वास आला. कळफलकांवर पांढरी बुरशी धरली होती. एका यंत्राच्या यूएसबीच्या खाचेतून मुंग्यांची रांग बाहेर पडत होती आणि तोंडात पांढरी अंडी होती. बहुतेक बॅटऱ्या पूर्ण उतरून गेल्या होत्या, आणि लिथियमची बॅटरी बराच काळ पूर्ण रिकामी राहिली की ती पुष्कळदा पुन्हा चार्ज घेतच नाही. वीसपैकी अकरा यंत्रे सुरू झाली. एकाही मुलाने एकही यंत्र पाडले नव्हते. रजिस्टर मात्र निर्दोष होते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की यंत्रे मोडणार हे आधीच लिहून ठेवावे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ठराव करून घ्यावा की लॅपटॉपचे आयुष्य पाच वर्षे धरले आहे, वापरताना झालेल्या नुकसानीची भरपाई शिक्षकाकडून किंवा पालकाकडून घेतली जाणार नाही, आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला राहील. मालकी कोणाची, हेही तेव्हाच ठरवावे. अनुदानित शाळेत मालमत्ता व्यवस्थापनाची असते, तेव्हा व्यवस्थापनाशी बोलूनच. परंतु शक्य असेल तर ही यंत्रे पालक-शिक्षक संघाच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या विश्वस्त संस्थेच्या नावे ठेवावीत आणि शाळेला वापरायला द्यावीत. मोडलेली वस्तू रजिस्टरमधून निर्लेखित करण्याची पद्धत जितकी लांबलचक, तितकी मुख्याध्यापकांची भीती मोठी आणि कपाटाचे कुलूपही तितकेच मोठे. आपले जे शिक्षक विरोध करत आहेत त्यांना मागासलेले समजू नका. त्यांच्यापैकी कोणीतरी पूर्वी अशा सहीची किंमत मोजली असण्याची शक्यता आहे. त्यांना एकदा विचारून पाहा.

आता प्रत्येक मुलाला एक, या कल्पनेविषयी. ही कल्पना नवी नाही आणि तिचा इतिहास जवळचाही आहे. निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली आणि 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही चळवळ सुरू झाली. त्यांचे यंत्र कल्पक होते. उन्हात वाचता येणारा पडदा, रबराने बंद केलेला कळफलक, पंखा नाही आणि वीज अगदी कमी. आपल्या पावसाला आजही असेच यंत्र हवे आहे, मात्र त्याची किंमत शंभर डॉलरवर कधी आली नाही, जवळजवळ दुप्पट राहिली. भारतात या यंत्रांचा पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या वाडीतील एकशिक्षकी मराठी शाळेत झाला, म्हणजे आपल्यासारख्याच डोंगराळ, पावसाच्या प्रदेशात. सर्वांत मोठा आणि नीट मोजलेला प्रयोग मात्र पेरू देशातला. तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांना लॅपटॉप दिले गेले तेथे दर मुलामागे ०.१२ ऐवजी १.१८ संगणक झाले, म्हणजे वाटप चोख झाले होते. तरीही गणित आणि भाषा या विषयांच्या गुणांत फरक दिसला नाही. सर्वसाधारण आकलनशक्तीच्या चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझ्या समजुतीप्रमाणे याचा अर्थ लॅपटॉप निरुपयोगी आहेत असा नाही. वर्गात काय शिकवले जाते ते तसेच राहिले, तर त्यात यंत्र आणून ठेवल्याने काही बदलत नाही, एवढाच आहे.

गोव्यातही आपण हे पाहिले आहे. २००२ च्या सुमारास मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना अकरावीच्या विद्यार्थ्यांना घरी संगणक देणारी सायबरएज योजना आली आणि त्यांच्या पुढच्या कारकिर्दीत पाचवी-सहावीच्या मुलांना टॅबलेट दिले गेले. त्या टॅबलेटांपैकी काही मी पुढे घरोघरी पाहिले. कोणी त्यावर गाणी ऐकत होते, कोणाचा चार्जर हरवला होता आणि एका घरी तो दूरदर्शन संचाखाली टेकू म्हणून लावलेला होता. पण सायबरएजच्या संगणकावर टंकलेखन शिकून पुढे पणजीत चांगल्या नोकरीला लागलेले माझे दोन विद्यार्थीही मला माहीत आहेत. म्हणून मी सरसकट नाही म्हणत नाही. मी विचारतो: कोणासाठी, किती वेळ आणि कोणत्या कामासाठी?

येथे आपल्या शाळेचा लहानपणा आपल्या बाजूचा आहे, आणि हा मुद्दा मी मुद्दाम सविस्तर मांडतो. आठवड्यात साधारण ४५ तासिका धरू. सहा वर्गांत वाटल्या तर प्रत्येक वर्गाला सातपेक्षा थोड्या जास्त येतात. सर्वांत मोठा वर्ग सोळा मुलांचा. म्हणजे २० लॅपटॉपांचा एक संच शाळेत असला, तर प्रत्येक वर्गाला आठवड्यातून सात तासिका, प्रत्येक मुलापुढे स्वतंत्र लॅपटॉप ठेवून मिळू शकतात, आणि वर चार यंत्रे राखीव राहतात. सात तासिका लॅपटॉपवर अर्थपूर्ण काम करून घेणारा वर्ग मी आजवर पाहिलेला नाही; तीन झाल्या तरी मी पाठ थोपटेन. ६० मुलांच्या वर्गाच्या शहरी शाळेला ही सोय नाही. आपल्याला ७२ ऐवजी २० यंत्रांत तेच साधते आणि उरलेला पैसा ज्यावर खर्च करायलाच हवा पण कोणी करत नाही, तिकडे वळवता येतो. समजा, एका यंत्राला ३५,००० रुपये पडतात. ७२ यंत्रांचे २५ लाख २० हजार होतात आणि २० यंत्रांचे ७ लाख. मधल्या १८ लाखांचे काय करावे याचा विचार कंपनीला बरोबर घेऊन करा. यंत्रांवर एकूण निधीच्या निम्म्याहून जास्त खर्च करू नये, हा माझा आडाखा आहे. बाकीचे वायरिंग, कपाट, दुरुस्ती, इंटरनेटचे जाळे आणि शिक्षकांचा वेळ यांसाठी ठेवावे.

घरी नेण्याचा प्रश्न परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि आपल्या परिस्थितीबद्दल आपणच मला सांगू शकाल. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी आणि सांगे या भागांतली मुले मोबाइलचे जाळे मिळावे म्हणून डोंगरावर जाऊन बसत असत, हे सर्वांना आठवत असेल. आपल्या मुलांच्या वाड्यांवर आज जाळे पोहोचते का? घरात टेबल आहे का, की लॅपटॉप जमिनीवर पाटावर ठेवला जाणार आणि बाजूने कोंबड्या फिरणार? काही कुटुंबे कामासाठी शेजारच्या राज्यांतून आलेली असतील आणि वर्षाच्या मध्येच गाव सोडावे लागत असेल, तर त्या मुलाचा लॅपटॉप परत घेताना शाळा आणि पालक यांच्यात कटुता येऊ नये, याची तरतूद काय? माझा सल्ला असा की पहिले वर्ष यंत्रे शाळेतच ठेवावीत. दुसऱ्या वर्षी नववी-दहावीच्या मुलांना ती आळीपाळीने शुक्रवारी घरी नेऊ द्यावीत आणि सोमवारी परत घ्यावीत. दोन महिन्यांत आपल्याला कळेल की कोणत्या घरी काय होते. मग पुढची खरेदी त्या दोन वर्गांपुरती करा. पाचवीतल्या मुलाच्या दप्तरात रोज दीड-दोन किलोचे यंत्र घालून त्याला पावसात कदंब बससाठी उभे करण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

यंत्रे कशासाठी, हे मी दोन उदाहरणांनी सांगतो, कारण नुसते 'डिजिटल शिक्षण' म्हटल्याने कोणाला काहीच दिसत नाही.

गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकतात आणि बहुतेक हायस्कुलांत पाचवीपासून एकदम इंग्रजी माध्यम सुरू होते. ग्रामीण मुलाचा खरा आडवा दगड हाच आहे, आणि लॅपटॉपचा मला दिसलेला सर्वांत मोठा उपयोगही येथेच आहे. एका शाळेत मी एका साध्या संगणकावर मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येईल असा उतरवून ठेवला होता. किविक्स नावाचे मोफत साधन त्यासाठी आहे. विज्ञानाच्या तासाला पाचवीतल्या मुलांसमोर 'फोटोसिंथेसिस' हा शब्द आला आणि सगळे गप्प झाले. मी त्यांना दोन्ही भाषांत शोधायला लावले. 'प्रकाशसंश्लेषण' या पानावर पानाचे चित्र आणि सूर्याचे बाण दिसताच मागच्या बाकावरचा एक मुलगा जवळजवळ ओरडला, "सर, हें आमकां येता!" येतच होते. झाड आपले अन्न उन्हात तयार करते, हे त्याला आधीपासून ठाऊक होते. त्याला विज्ञान येत नव्हते असे नाही, त्या विज्ञानाचे नवे नाव येत नव्हते. पुढे प्रत्येक धड्यासाठी मुलांनीच तीन रकान्यांचा तक्ता करायला घेतला: इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि घरी काय म्हणतात. तिसरा रकाना सर्वांत आधी भरायचा.

दुसरे उदाहरण मराठी टंकलेखनाचे. यावर माझा थोडा हट्ट आहे असे सहकारी म्हणतात. मुलांना इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायला शिकवू नका. पहिल्या महिन्यापासून इनस्क्रिप्ट कळफलक शिकवा. त्याची रचना आपल्या वर्णमालेशी नाते सांगते: स्वर डाव्या हाताखाली, व्यंजने उजव्या हाताखाली, आणि 'क'च्याच कळीवर शिफ्ट दाबली की 'ख', 'ल'च्या कळीवर 'ळ'. मी हे कधी सांगत नाही. मुलांना कळ दाबून शोधायला लावतो. सातवीतली एक मुलगी 'प'च्या कळीवर शिफ्ट दाबून 'फ' आल्यावर थांबली, मग 'ग', 'त', 'द' या कळींवर पटापट शिफ्ट दाबत गेली, आणि 'घ', 'थ', 'ध' एकामागून एक पडद्यावर उमटताना पाहून शेजारणीला म्हणाली, "सगळ्यांत ह घातलाय!" महाप्राण म्हणजे काय, हे व्याकरणाच्या पुस्तकाने तिला दोन वर्षांत सांगितले नव्हते. अशा गोष्टींसाठी मुलाला स्वतंत्र यंत्र हवे. तिघे एका यंत्रावर बसले की कळ एकच जण दाबतो आणि दोघे बघत राहतात, आणि बघत राहणाऱ्यांत बहुधा मुली असतात. म्हणून वर्गाच्या वेळेपुरते तरी प्रत्येकाला एक, हे मला पूर्ण मान्य आहे.

याशिवाय आपल्या भागातच इतके साहित्य पडले आहे की बाहेरून महागडा अभ्यासक्रम विकत घेण्याची गरज नाही. शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक ठेवा, जूनपासून रोजचा पाऊस मुलांनी स्प्रेडशीटमध्ये नोंदवावा आणि हवामान खात्याच्या वाळपईच्या आकड्यांशी ताडून पाहावा. सरासरी, आलेख आणि दशांश चिन्ह हे सारे त्यात येते. चवथीला माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीवर, जी फळे बांधतात, सुपारीची शिपटी, तोरिंग, आंबाडे, कवंडळ, त्यांची छायाचित्रे काढून प्रत्येकाचे घरचे नाव, मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि ते कोणत्या डोंगरावरून आणले हे नोंदवणारी पुस्तिका मुले एका महिन्यात करू शकतात. त्यासाठी आजोबांशी बोलावे लागते, हा वरचा लाभ. सरकारच्या केअर्स योजनेतून सहावी ते आठवीसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सचा अभ्यासक्रम आहेच. आपल्या शाळेत तो कोण शिकवतो याची चौकशी करा आणि नव्या यंत्रांची जबाबदारी त्याच शिक्षकावर लादू नका. किंवा लादायचीच असेल तर त्याच्या आठवड्यातल्या चार तासिका कमी करून द्या. मोबदला म्हणून मानपत्र देऊ नये.

आता वीज आणि पाऊस. ६५ वॅटचे वीस चार्जर एकदम लावले तर १,३०० वॅट होतात आणि ही गोष्ट सहा अँपिअरच्या एका सॉकेटच्या अगदी टोकाला जाते. ७२ लावले तर जवळजवळ ४,७०० वॅट, म्हणजे जुन्या इमारतीच्या वायरिंगला सरळ धोका. मी एका शाळेत एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडून केलेली चार्जिंगची सोय पाहिली, तो बोर्ड हाताला गरम लागत होता आणि शेजारी पोषण आहाराची पोती रचलेली होती. म्हणून चार्जिंगसाठी मीटरपासून वेगळी वाहिनी, सोळा अँपिअरचे सॉकेट, जादा भार येताच वीज तोडणारा एमसीबी आणि गळती ओळखणारा आरसीसीबी, एवढे परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. अर्थिंगकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग नीट लागत नाही; खड्ड्यात मीठ-कोळसा भरून मार्च ते मेमध्ये तेथे नियमित पाणी घालावे लागते, आणि हे काम कोणाचे, हे भिंतीवर लिहावे लागते. वळवाच्या आणि ऑक्टोबरमधल्या दुपारच्या गडगडाटात सर्व प्लग काढायचे आणि राउटरचा अडॅप्टरही काढायचा. लोक प्लग काढतात आणि राउटर विसरतात.

कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, कारण पावसाचा मारा तिकडूनच येतो आणि ओल भिंतीतून आत झिरपते. ते भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर असावे, हवा खेळेल अशी भोके असावीत आणि भोकांना मुंग्या-पाली जाणार नाहीत अशी बारीक जाळी असावी. पावसाळ्यात आत जुन्या पद्धतीचा पंधरा वॅटचा पिवळा दिवा पेटता ठेवण्याची आपल्या आज्यांची युक्ती अजून उत्तम चालते. एलईडीने ते होत नाही, कारण त्याला पुरेशी ऊब नसते. दिव्याला जाळीचे आवरण हवे आणि तो यंत्रांपासून दूर हवा. सुट्टीवर जाताना बॅटऱ्या पूर्ण भरूनही ठेवू नयेत आणि रिकाम्याही ठेवू नयेत, अर्ध्यावर ठेवाव्यात आणि मोठ्या सुट्टीत कोणीतरी पंधरा दिवसांनी एकदा येऊन यंत्रे चालू करून जावे. फुगलेली बॅटरी दिसली तर ती वापरू नये, टोचू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा आणि बॅटरी या दोहोंसाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. नोंदणीकृत संकलकाकडेच द्यावी.

इंटरनेटबद्दल फार लिहीत नाही. घरगुती राउटरवर वीस यंत्रे एकदम आली की तो मान टाकतो, तेव्हा अनेक यंत्रे एकदम पेलणारे वायफायचे उपकरण, म्हणजे चांगला ॲक्सेस पॉइंट घ्यावा, आणि विंडोजचे अपडेट शाळेच्या वेळेत होऊ नयेत अशी सोय करावी. वर सांगितलेला इंटरनेटशिवायचा संच आधी उभा करावा. कोलिब्री नावाचे मोफत साधन धड्यांसाठी आहे, ते एका लहान संगणकावरून सगळ्या वर्गाला पुरते. मुलांची खाती काढताना त्यांचे वैयक्तिक मोबाइल क्रमांक देऊ नयेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील सर्वांना बालक मानले आहे आणि पालकांच्या संमतीचा आग्रह आहे, तेव्हा वर्षारंभी एका पानाचे संमतीपत्र मराठीत छापून घ्यावे.

शेवटी, यंत्र कोणते. नाव मी सांगणार नाही, लक्षणे सांगतो. सर्व यंत्रे एकाच मॉडेलची असावीत, म्हणजे एका मेलेल्या यंत्राचे भाग दुसऱ्या तिघांना लागतात. आठ जीबी रॅम, एसएसडी, टाइप-सी चार्जर, आणि कळफलक वेगळा बदलता येईल अशी बांधणी. वॉरंटी तीन वर्षांची आणि शाळेत येऊन दुरुस्ती करण्याची हवी, कारण वाळपईहून एक लॅपटॉप पणजीला घेऊन जायचा म्हणजे एका शिक्षकाचा दिवस मोडतो. कोणी जुनी यंत्रे देऊ केली तर लाजू नका, पण सावध राहा: विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले आणि बरीच जुनी यंत्रे पुढची आवृत्ती घेत नाहीत. त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली उत्तम चालते. गोव्याला हे नवे नाही. २००० सालानंतरच्या काही वर्षांत परदेशस्थ गोमंतकीयांनी पाठवलेले वापरलेले संगणक लिनक्स घालून आपल्या शाळांत चालवले गेले होते आणि इनस्क्रिप्ट त्यात तयारच असतो.

कंपनीशी बोलताना दोन गोष्टी मागा. कंपनी कायद्याच्या १३५ व्या, म्हणजे सामाजिक दायित्वाच्या कलमाखालचा प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून घोषित केला, तर सुरुवातीच्या वर्षाशिवाय आणखी तीन वर्षांपर्यंत निधी देता येतो. एकरकमी ७२ यंत्रांऐवजी २० यंत्रे आणि पुढची तीन वर्षे दुरुस्ती व शिक्षकांचे प्रशिक्षण, असा प्रस्ताव त्या चौकटीत बसतो. निधी आपल्या विश्वस्त संस्थेमार्फत यायचा असेल तर तिची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे सामाजिक दायित्व निधी घेण्यासाठीची नोंदणी लागेल, ती आधी तपासा. दुसरी गोष्ट, कार्यक्रमाची तारीख. जुलैमध्ये नवी यंत्रे आली तर खोके उघडण्याआधीच त्यांना ओल लागते, वायरमनला भिंत फोडता येत नाही आणि चवथ जवळ आल्याने शिक्षकांचे लक्षही नसते. त्यांना नोव्हेंबर मागा. तोपर्यंत वायरिंग, कपाट आणि ठराव हे तिन्ही तयार ठेवा, आणि हरकत नसेल तर ज्या शिक्षकांनी विरोध केला त्यांच्याच हातून पहिले यंत्र सुरू करून घ्या.